स्वयंवह

म्हैसूरच्या सरस्वतीपुरम भागात आमचे घर आहे. त्याच्या मागच्या पडवीत, भिंतीला टेकून, एक चाक उभे असते. सायकलची रिम, आणि तिच्यावर आऱ्यांच्या जागी बसवलेल्या काचेच्या बारा नळ्या. सगळ्या नळ्या एकाच बाजूला किंचित वळलेल्या. अंगणातल्या तगरीच्या फुलाच्या पाकळ्या वळलेल्या असतात तशा. येणाऱ्याजाणाऱ्याचे लक्ष तिकडे जातेच. 'हे काय?' असे कुणी विचारले, तर 'माझ्या मामांचे आहे' एवढेच मी सांगतो आणि चहाचे विचारतो. जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या घरात आपोआप फिरणारे चाक असावे, याचा मला पुष्कळ वर्षे संकोच वाटत आला. अलीकडे कळू लागले आहे की, संकोच वाटायला हवा तो चाकाचा नव्हे. त्या चाकापाशी मी जसा वागलो, त्याचा.

मामा चाळीसगावचे. तिथल्या एका जिनिंग कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षे फिटरचे काम केले. शिक्षण मराठी सातवीपर्यंत. परंतु बिघडलेल्या यंत्राला कान लावून त्याचे दुखणे नेमके कुठे आहे ते सांगणारा असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. चाळीसगावजवळ, सह्याद्रीच्या एका फाट्याच्या कुशीत, पाटण नावाचे ठिकाण आहे. पाटणादेवीचे देऊळ तिथलेच. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून तिथे मठ स्थापला, असे सांगणारा १२०७ सालचा शिलालेख त्या गावी आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे आणि शेवटचा काही भाग त्या काळच्या मराठीत. भास्कराचार्यांचे जन्मगाव विज्जलविड म्हणजे नेमके कोणते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मामांच्या लेखी मतभेद नव्हताच. भास्कराचार्य हे त्यांचे गाववाले होते. आणि या गाववाल्याने आपोआप फिरणारे पाऱ्याचे चाक लिहून ठेवले आहे, हे कुठल्याशा दिवाळी अंकात वाचल्यापासून मामांची झोप उडाली होती.

ते चाक खरोखरच लिहिलेले आहे. 'सिद्धांतशिरोमणि' हा ग्रंथ भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केला. त्यातल्या यंत्राध्यायात हलक्या लाकडाचे चाक, त्याला सारख्या अंतरावर पोकळ आरे, आऱ्यांत अर्ध्यापर्यंत पारा, तोंडे बंद, आणि दोन खांबांवर टेकवलेला आस, असे वर्णन येते. एका बाजूचा पारा परिघाकडे धावतो, दुसऱ्या बाजूचा आसाकडे, आणि त्यामुळे चाक स्वतःच फिरत राहते, असा त्याचा अर्थ. अशा यंत्राला 'स्वयंवह' असे नाव आहे. भास्कराचार्यांच्या पाच शतके आधी, ६२८ साली, ब्रह्मगुप्तानेही पाऱ्याच्या चाकाचा उल्लेख केला होता. युरोपात अशा चाकाचे चित्र तेराव्या शतकात व्हिलार द ऑनकूर याच्या वहीत सापडते. ही कल्पना भारतातून अरबांच्या हातून तिकडे गेली असावी, असे लिन व्हाइट या इतिहासकाराने सुचवले आहे. मी हे मामांना सांगितले तेव्हा ते इतके हरखले की, पुढचे सांगण्याचे मला धैर्य झाले नाही. पुढचे म्हणजे एवढेच: कल्पना पुष्कळ ठिकाणी गेली, चाक मात्र कुठेच फिरले नाही.

१९९६ च्या सप्टेंबरात मामा म्हैसूरला आले. दोन रात्रींचा प्रवास करून, गोणपाटात गुंडाळलेले चाक मांडीशी धरून. त्या दिवसांत तमिळनाडूतल्या रामर पिल्लै याच्या वनस्पतीपासून बनवलेल्या पेट्रोलची वर्तमानपत्रांत मोठी धूम होती. पुढे प्रयोगशाळेतल्या तपासणीत तो दावा टिकला नाही; पण त्या महिन्यात साऱ्या देशाला चमत्काराची वाट बघण्याचा नादच लागला होता. मामांनी कात्रणे बरोबर आणली होती. त्यांची माझ्याकडे दोन कामे होती. म्हैसूरला प्राच्यविद्येचे मोठे ग्रंथालय आहे असे त्यांनी ऐकले होते. तिथे भास्कराचार्यांचे मूळ शब्द पाहून आपल्या चाकात काय चुकते ते शोधायचे, हे पहिले. दुसरे काम त्यांनी लगेच सांगितले नाही.

पहिल्याच संध्याकाळी पडवीत दोन स्टुलांवर आस टेकवून त्यांनी चाक उभे केले आणि हलकासा झोका दिला. दिव्याच्या उजेडात पारा नळ्यांतून इकडून तिकडे पळत होता. खोटे कशाला बोलू, ते दृश्य फार देखणे होते. मी घड्याळ लावले. चार मिनिटे दहा सेकंदांनी चाक मंदावले, एकदा मागे झुकले, आणि थांबले.

"बेअरिंग," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी छर्रे धुऊन, तेल घालून पुन्हा लावले. चार मिनिटे चाळीस सेकंद.

"बघ, वाढलं की नाही?"

वाढले होते, हे खरेच. घर्षण कमी केले की कोणतेही चाक जास्त वेळ फिरते. त्याला पारा लागत नाही. पण स्वयंवहाच्या मागे लागलेल्या माणसाला प्रत्येक वाढीव सेकंद हा शून्यापासूनचा प्रवास दिसतो. अनंतापर्यंतचे अंतर मात्र जेवढ्यास तेवढे राहिले आहे, हे दिसत नाही. चाक का फिरत नाही, याचे कारण सातवी शिकलेल्या माणसालाही सांगता येईल इतके साधे आहे. उतरणाऱ्या बाजूचा पारा आसापासून लांब असतो हे मामांनी बरोबर ओळखले होते. परंतु चढणाऱ्या बाजूला, आसाजवळ का होईना, पारा भरलेल्या नळ्यांची संख्या अधिक असते. आडव्या फळीच्या एका टोकाला एक मूल आणि दुसऱ्या बाजूला मध्याजवळ दोन मुले बसली की फळी तोलून धरली जाते, तसेच हे. याहूनही सोपी एक रीत आहे. चाक एका नळीएवढे फिरवले की ते पहिल्यासारखेच दिसते. तेवढाच पारा, तेवढ्याच उंचीवर. म्हणजे त्या हालचालीत पारा एकंदरीत खाली आलेला नाही. जो खाली आला नाही, तो काम कुठून करणार?

वर्गात हे मी कितीदा सांगितले असेल. सोळाव्या शतकात सायमन स्टेव्हिनने याच्याच आधारे उतरणीवरच्या वजनांचा नियम सिद्ध केला, हेही सांगितले असेल. उतरणीवर गोळ्यांची माळ टाकली, तर ती आपोआप फिरत राहणे अशक्य, म्हणून वजने अमुक प्रमाणात तोलली गेलीच पाहिजेत, असा त्याचा १५८६ सालचा युक्तिवाद आहे. 'हे होणार नाही' या तीन शब्दांतून विज्ञानाला केवढी तरी जमीन मिळाली. आणि ते तीन शब्द मला पडवीत, मामांसमोर बसून, उच्चारता आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आम्ही प्राच्यविद्या संशोधनालयात गेलो. याच संस्थेत १९०५ साली आर. शामशास्त्री यांच्या हाती कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी आली होती. मामांनी दारात पायताण काढले आणि देवळात बसावे तसे मांडी घालून बसायला निघाले. मी त्यांना बाकावर बसवले. काशीला राहून बापूदेवशास्त्र्यांनी संपादित केलेली 'सिद्धांतशिरोमणि' मी समोर ठेवली आणि चाकाचे श्लोक लावून त्यांना मराठीत अर्थ सांगू लागलो. मामा पेन्सिलीने टिपून घेत होते. आरे किती, पारा किती, वळण कसे. पान उलटल्यावर अध्यायाचा शेवट आला. तिथे भास्कराचार्य म्हणतात की, अशा रीतीने स्वयंवह यंत्रे अनेक प्रकारांनी कुहकविद्येने होतात. त्यांचा गोलाच्या शास्त्राशी संबंध नाही. पूर्वीच्यांनी सांगितली म्हणून मीही सांगितली.

कुहकविद्या. म्हणजे गारुड, हातचलाखी, लोकांना चकवण्याची कला. ज्यांच्या शब्दावर मामांनी इतकी वर्षे घातली, त्या गाववाल्यानेच शेवटी हात झटकले होते. त्याच अध्यायाच्या आरंभी यंत्रांची यादी देताना ते सांगून गेले होते की, साऱ्या यंत्रांत खरे यंत्र एकच, आणि ते म्हणजे बुद्धी. धीयंत्र.

"पुढे काय आहे?" मामांनी विचारले.

"संपला अध्याय," मी म्हणालो, आणि ग्रंथ मिटला.

तेव्हा मला ती दया वाटली होती. म्हाताऱ्या माणसाचे एवढे तरी सुख आपण का हिरावून घ्या, असे वाटले होते. आज त्या क्षणाकडे पाहताना तिथे दया थोडी आणि भित्रेपणा जास्त दिसतो. समोरच्या माणसाचे तोंड उतरलेले पाहणे मला नको होते. स्वतःला वाचवण्यासाठी मी त्यांना अंधारात ठेवले.

म्हैसूरला आलेला पाहुणा कृष्णराजसागर पाहिल्यावाचून परत जात नाही. मामांना मी रविवारी तिकडे नेले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे नाव त्यांना ठाऊक होते. हा म्हैसूरचा दिवाण मुळात पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियंता झालेला, आणि नोकरीची उमेदीची वर्षे त्याने नाशिक, खानदेश, पुणे अशी मुंबई इलाख्यात काढलेली. १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप उघडणारी दारे बसवली. त्याच तऱ्हेची दारे पुढे कृष्णराजसागरावर आली. पाणी ठरलेल्या रेषेपर्यंत चढले की पाण्याच्याच जोराने दार उघडते, उतरले की मिटते. माणसाचा हात लागत नाही. हे ऐकून मामा थबकले.

"अरे, मग हे स्वयंवहच झालं की!"

"दार पाणी उघडतं, मामा. पण पाणी वर कोणी चढवलं?"

"पावसानं."

"आणि पाऊस वर कोणी नेला?"

मामांनी मान वर केली. ऊन चांगलेच लागत होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "म्हणजे कुठेतरी कोणीतरी राबतंच."

ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम इतक्या थोड्या शब्दांत मी कोणत्याही पुस्तकात वाचला नाही. एका कामगाराने आयुष्यभराच्या अनुभवातून तो उचलला होता. याच कावेरीच्या खालच्या अंगाला, शिवनसमुद्रमला, १९०२ पासून पडत्या पाण्यावर वीज तयार करून कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोचवली जात होती. तिथेही पाणी पडत होते म्हणूनच दिवे लागत होते. त्या क्षणी आणखी एकच वाक्य बोलायचे होते: 'मामा, तुमच्या चाकात कोण राबतं?' ते मी बोललो असतो तर कदाचित सारे तिथेच मिटले असते. मी म्हणालो, "चला, बस चुकेल."

निघण्याच्या आदल्या रात्री त्यांनी दुसरे काम काढले. तीन एकर जमिनीला गिऱ्हाईक आले होते. त्या पैशातून मोठे, बारा हात व्यासाचे चाक करायचे. दोघे भागीदार पैसे घालायला तयार होते, पण त्यांना जाणत्या माणसाचे पत्र हवे होते. "माझा भाचा म्हैसूरला प्रोफेसर आहे, त्यानं तपासून पाहिलं, एवढंच लिही."

खोटे लिहिणे मला शक्य नव्हते. खरे बोलणेही जमले नाही. मी मधली वाट काढली. "मामा, असं पत्र द्यायला कॉलेजची परवानगी लागते. नियम आहे." असा कोणताही नियम नव्हता.

नियमावर मामांचा फार विश्वास. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. "मग परवानगी माग. मला घाई नाही."

अशा दाव्यांचा इतिहास मी तेव्हाही वाचला होता. नंतर अधिक वाचला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ साली ठरवले की, अखंड गतीच्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासायचेच नाहीत. पहिल्या वाचनात तो उद्धटपणा वाटतो. पण अकादमीने कारण दिले आहे. अशा शोधापायी कित्येक कुटुंबे धुळीस मिळाली, आणि ज्यांच्या हातून मोठी कामे झाली असती असे कारागीर आपला पैसा, वेळ आणि बुद्धी त्यात घालवून बसले. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातही, प्रस्थापित नैसर्गिक नियमांच्या उघड विरुद्ध जाणारा दावा शोध म्हणून स्वीकारला जात नाही. ही दारे कठोर आहेत खरी. पण बंद दार निदान बंद असल्याचे सांगते. मी लावलेले दार उघडे दिसत होते, आणि त्यातून आत जाता येत नव्हते.

म्हैसूरलाच आणखी एक उदाहरण माझ्या समोर होते. 'वैमानिकशास्त्र' नावाचा, प्राचीन म्हणून सांगितला जाणारा ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह १९७३ साली जी. आर. जोस्यर यांनी याच शहरातून प्रकाशित केला. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांच्या विमानाच्या कथेचा धागाही त्या ग्रंथाच्या उगमाशी जोडला जातो. पुढच्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी तो नीट वाचला. त्यांनी थट्टा केली नाही. भाषा तपासली, आकृत्या तपासल्या, वजनांचा आणि उड्डाणाचा हिशेब मांडला, आणि सांगितले की ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यातली विमाने उडणार नाहीत. हा खरा संशय. तो आधी पूर्ण ऐकून घेतो, मग मोजतो, आणि मग बोलतो. माझ्यापाशी यांतल्या पहिल्या दोन गोष्टी होत्या. तिसरी नव्हती.

मामांची पोस्टकार्डे येत राहिली. 'पाच मिनिटे वीस सेकंद.' 'नवे बेअरिंग धुळ्याहून आणले, सहा मिनिटे.' 'पारा महागला.' प्रत्येक कार्डाच्या शेवटी एक ओळ ठरलेली: 'परवानगीचे काय झाले?' मी उत्तरात त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी करीत असे. अशी अकरा वर्षे गेली. २००७ मध्ये मामा वारले.

दिवस झाल्यावर मी चाळीसगावला गेलो. मामी ओसरीवर बसल्या होत्या, शेजारी चाक. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "तुझं पत्र आलं नाही म्हणून शेत राहिलं. तेवढं देवानं बरं केलं. म्हशीच्या दुधाच्या पैशातून मी पारा आणून द्यायचे. पण 'हे फिरत नाही' असं तू एकदा लिहून टाकलं असतंस ना, तर चार दिवस रडले असते, आणि मग शेतावरचे पंप दुरुस्त करत बसले असते. गावात किती पंप बंद पडलेले. लोक बोलवायला यायचे. हे म्हणायचे, म्हैसूरचं पत्र येऊ दे."

मी त्यांना शेवटचा श्लोक सांगितला. कुहकविद्येचा. मामींनी तो लक्ष देऊन ऐकला.

"हे त्यांना वाचून दाखवलं होतंस?"

"नाही."

त्या उठून आत गेल्या. चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी दुसरा विषय काढला.

अमेरिकेतल्या चार्ल्स रेडहेफर याची गोष्ट मला परतीच्या गाडीत आठवत राहिली. १८१३ साली तो न्यूयॉर्कमध्ये आपले अखंड फिरणारे यंत्र पैसे घेऊन दाखवीत असे. रॉबर्ट फुल्टन या अभियंत्याला त्याच्या गतीतली किंचित लय खटकली. त्याने भिंतीलगतच्या फळ्या उखडल्या, तेव्हा आतून एक दोरी निघाली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला, वरच्या खोलीत, एक म्हातारा एका हाताने दांडा फिरवीत बसला होता. मामा लबाड नव्हते. त्यांच्या चाकाला दोरी नव्हती. पण त्यांचा उद्योग अकरा वर्षे ज्या हाताने चालला तो हातही कुणाला दिसत नव्हता. तो पहाटे म्हशीच्या कासेशी होता. कुठेतरी कोणीतरी राबतंच.

चाक मी म्हैसूरला आणले. पारा विषारी, म्हणून नळ्या उघडून तो काढला आणि बाटलीत बंद करून प्रयोगशाळेकडे सोपवला. रिकामे चाक सहज आसावर ठेवून तेवढाच झोका दिला, तर ते पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वेळ फिरले. नळ्यांत आपटणारा पारा चाकाची गती खात होता. जो चालवणार असे मामांना वाटत होते, तोच थांबवीत होता. हे त्यांना दाखवायला मला एक संध्याकाळ पुरली असती.

गेल्या महिन्यात शेजारचा मुलगा आला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लोहचुंबकांच्या जोरावर विजेवाचून चालणाऱ्या मोटरचा व्हिडिओ त्याने मोबाईलवर दाखवला. त्याला तशी मोटर बनवायची आहे. वडिलांकडून पैसे घेणार आहे. चेहऱ्यावर तोच उजेड होता, मामांच्या चेहऱ्यावर पडवीत पाहिलेला. चहाचे विचारावे असे क्षणभर वाटले. मग मी त्याला मागच्या पडवीत नेले, चाक आसावर चढवले, आणि घड्याळ त्याच्या हातात दिले.

"हे थांबणार आहे," मी झोका देण्याआधीच म्हणालो. "तुझी मोटरही थांबेल. आता बस. का थांबतं ते पाहू."

त्याचे तोंड उतरले. मी तिकडे पाहत राहिलो.